मूठभर गुलाल

१८ सप्टेंबर, बुधवार

उजवा डोळा अजून चुरचुरतोय. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, काल मूठ भरून गुलाल माझ्या कपाळावर फासला, त्यातला निम्मा डोळ्यात गेला.

झालं ते सरळ लिहून ठेवते. कालपासून जो तो वेगळंच सांगायलाय, अजून चार दिवसांनी मलाही तेच खरं वाटायला लागेल.

गणपतीचं विसर्जन होतं. औंदा पाऊस दणकून झाला, भगवानरावांची विहीर काठोकाठ भरलेली. लिंबाखाली आरती झाली. मंडळाचा अध्यक्ष परमेश्वर, ज्याचा काळा गॉगल घातलेला फोटो गावात शिरतानाच दिसतो तो, मूर्ती घेऊन पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर घसरला. मूर्ती गेली, मागोमाग तो गेला. डीजे चालूच. आधी सगळ्यांना वाटलं, गडी डुबकी मारायलाय. मग नुसते हात वर आले, गेले, परत आले. काठावर सगळी गडीमाणसं. त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येतं, उन्हाळ्यात त्याच विहिरीत उड्या मारताना मी बघितलंय. पण बुडणारा मिठी मारतो, आणि परमेश्वर अंगाने रेड्यासारखा. कोण उतरणार? "दोर आना, दोर," एवढंच चाललेलं. भगवानराव शेडकडे दोर आणायला पळाले.

मी ताट शेजारच्या कस्तुराच्या हातात दिलं, साडी सोडली आणि उडी मारली. माझ्या वडलांनी, आबांनी, शिकवलेलं पहिलंच हे होतं, अंगावर लुगडं ठेवून पाण्यात गेलीस तर लुगडंच तुला बुडवील. मागून गेले, केस धरले. वळून माझ्या गळ्यात पडायला लागला तेव्हा कानाखाली एक ठेवून दिली, तेव्हा कुठं ढिला पडला. ओढत पायरीला आणला. तोवर भगवानरावांचा दोर आला. तो याच्या काखेतून घातला आणि वर घेतला. पालथा घातल्यावर भडाभडा पाणी ओकला आणि जगला.

मी वर आले. डीजे बंद झालेला. परकर-पोलकं अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले. सगळे नुसते माझ्याकडे बघत उभे. मला वाटलं, आता कुणीतरी शाबास म्हणेल. तेवढ्यात आत्याबाई गर्दीत घुसल्या, गुलाल फासला आणि केवढ्यांदा ओरडल्या, "आई आली! बगता काय, पाया पडा!" सगळ्या माना खाली. परमेश्वर पडल्या जागेवरून हात जोडायला लागला. आत्याबाईंनी नेसत्या लुगड्याचा पदर माझ्यावर घातला आणि दंड धरून घरी आणलं. दंडाला वळ उठलाय.

पिंकीचे पप्पा, म्हणजे माझा नवरा, आमच्या मागून मुकाट्याने आले, अनवाणी. आज सकाळी पिंकी त्यांच्या चपला घेऊन आली. म्हणाली, विहिरीच्या अगदी काठावर काढून ठेवलेल्या होत्या. आरती तर पार लिंबाखाली झाली होती. तिथे चपला कशाला काढल्या कुणास ठाऊक.

२१ सप्टेंबर, शनिवार

नारळ, नारळ, नारळ. देव्हाऱ्यात जागा नाही म्हणून धान्याच्या कोठीवर मांडलेत. बाया येतात, पाया पडतात, लेकरं पायावर घालतात. मी सांगायला जाते, "अवो, मला पव्हता येतंय, माझं माहेर गोदेकाठचं हाय," तर त्या समजूतदारपणे मान हलवतात आणि आत्याबाईंना विचारतात, "आईला परसाद काय चालतो?"

आत्याबाई सांगतात, पुरणाचा.

त्यांना हे सगळं आवडायलंय असं दिसतंय. दहा वर्षांत माझ्या भाकरीला चांगलं म्हणाल्या नाहीत, आता गावाला माझं माहात्म्य सांगतात.

आज पेपरात बातमी आली. "भगवानरावांच्या प्रसंगावधानाने तरुणाचे प्राण वाचले." खाली लिहिलंय, ग्रामस्थांनीही सहकार्य केले. मी ग्रामस्थांत असेन बहुतेक.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज लय वाईट वाटलं. आमच्या पाचसहा जणींची सावड आहे, आज हिच्या रानात तर उद्या तिच्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. कस्तुराच्या रानात सोयाबीन काढायचं होतं. विळा घेऊन गेले तर कस्तुरा म्हणते, "अवो, तुमी कशाला? तुमी बसा लिंबाखाली."

अवो! तुमी! ही कस्तुरा मला बाजारात सगळ्यांपुढे "ए राजे, मुडद्यासारखी काय चालायलीस" म्हणणारी. मी म्हटलं, "कस्तुरे, डोकं फिरलं का तुजं?" तर तिने कानाला हात लावले. म्हणाली, "मागं कधी शिव्या दिल्या असतील तर पोटात घाला."

मग दिवसभर लिंबाखाली बसून राहिले. त्या तिकडे ओळीने तासाला लागून काढत होत्या आणि हसत होत्या. कशावर ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. भाकरी खायला सुटल्या तर मला वेगळं पान वाढलं, आधी मला, मग त्यांना. गोल करून बसतो त्यात कुणी बोलावलं नाही. त्यांच्या भाकरीवर ठेचा होता आणि माझ्या पानात शिरा.

२९ सप्टेंबर, रविवार

पिंकीचे पप्पा ओसरीवर झोपतात. आता रोजचंच झालंय. मी विचारलं, "कामून हो?" तर मान खाली घालून म्हणाले, "नवरात्र हुस्तोर ऱ्हाऊ दे." हे तर देवळातसुद्धा पोराबाळांना पाठवणारे, स्वतः बाहेर ट्रॅक्टरवर बसून राहणारे. यांनाही एकदम भक्ती सुचली. घोरणं ऐकू येत नाही तेवढंच बरं, असं कस्तुराला सांगून हसले असते. सांगायला कस्तुरा कुठाय?

दुपारी आबांना फोन लावला. मनात होतं, जगात एक माणूस तरी मला बरोबर प्रश्न विचारील. केस धरले का मान धरली, पाय कसे मारलेस, दम कुठवर पुरला. मला भाऊ नाही. नदीपलीकडे वाळूत आमच्या टरबुजाच्या वाड्या, तिकडं जायला कुणीतरी पाहिजे म्हणून आबांनीच माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला गोदेत सोडलं होतं. गावातले लोक म्हणायचे, आश्रुबा, पोरीला मासोळी करायलास का. आबा म्हणायचे, करायलोय.

आबांपर्यंत सगळं आधीच पोचलं होतं. फोनवर रडत होते. म्हणाले, "बाई, पव्हायला मी शिकवलं हे खरं. पर रेड्यायवढा गडी वढायचं बळ बाईमाणसात कुठलं? आईच व्हती. माझ्या घरी आई जलमली हे मलाच कळलं न्हाई."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पुढं काही करावंसं वाटलं नाही. पिंकीने वेणी घालायला फणी आणून दिली तरी मी तशीच बसून होते. मग तिनेच हळूच विचारलं, "मम्मी, आता तू हाईस का देवी हाय?"

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. आत्याबाईंनी या वर्षी निरंकार उपास धरलाय, नऊ दिवस पाण्यावर. चपलाही सोडल्यात. दरसाल शाबूदाणा खाऊन, चहा पिऊन आरामात नवरात्र करणारी बाई. आता देवीची सासू झाली ना, थाट नको का. मी म्हटलं, "आत्याबाई, वय काय तुमचं, चक्कर येऊन पडाल." त्या म्हणाल्या, "माझं माझ्यापाशी हाय."

७ ऑक्टोबर, सोमवार

परमेश्वर दर मंगळवारी येतो, यावेळी एक दिवस आधीच आला. दसऱ्याला देवळापुढे सत्कार ठेवलाय म्हणून सांगायला. भगवानरावांना फेटा आणि शौर्याचं सन्मानचिन्ह, आणि "आईची ओटी". आई म्हणजे मी. भगवानराव हॉटेलात बसून रोज तीच गोष्ट सांगतात आणि रोज त्यांचा दोर हातभर लांब होतो. दोर फेकला त्याला फेटा. उडी मारली तिला नारळ.

परमेश्वर पाया पडताना मी मुद्दाम त्याच्या कानाकडे बघितलं. त्याला आठवत असणारच. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे नक्की माहीत नाही, कारण पाण्यात आम्ही दोघंच होतो. पण मान वर करीना. गेल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "दसऱ्याला मी माइकवर सांगणार हाय, देवीबिवी काय नव्हती म्हणून."

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. म्हणाल्या, "नगं बाई. तू आई हाईस तवर गावाचे डोळे खाली हायत. ऱ्हाऊ दे."

कुणाचे डोळे खाली आणि कुणाचे वर, मला काय त्याचं? मला माझं नाव पाहिजे. राजेश्रीला पोहता येतं, तिने माणूस वाचवला, एवढं एकदा गावाने म्हणावं. मग मला पुन्हा ठेच्याची भाकरी द्यावी आणि गोलात बसवावं. लय मागते का मी?

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. लिहू नये असं वाटतंय, तरी लिहिते.

मांडवात अख्खं गाव. भगवानरावांना भगवा फेटा बांधला. ते म्हणाले, "दोर फेकला तवा मी जिवाची पर्वा केली न्हाई." टाळ्या. मग मला पाटावर बसवलं, मांडीवर हिरवं लुगडं, ओटीत नारळ. परमेश्वर पांढरी पॅन्ट घालून माझे पाय धुवायला खाली बसला. मी माइक मागून घेतला. आवाज नीट निघाला.

म्हटलं, "परमेश्वर भाऊजी, मान वर करा. तुमाला कुनी काढलं ते सांगा."

"आईनं."

"आईनं न्हाई, मी. मला पव्हता येतंय, माझ्या वडलांनी शिकवलंय. पान्यात तुमच्या कानाखाली वाजवली, ती बी आईनंच का?"

मागून पोरं फिदीफिदी हसली. मग पुढचेही हसले. परमेश्वरचं तोंड लालबुंद झालं. हातात तांब्या तसाच धरून तो उठला. मला वाटलं, आता बोलेल. आणि तो बोललाच. म्हणाला, "वैनी, मग तसं म्हना. देवी व्हती म्हनून गाव गप बसलं. न्हाई तर सुनंनं सगळ्यापुढं साडी सोडायची, हे कुन्या घरात चालतंय?"

हसू थांबलं. खाली असलेल्या माना हळूहळू वर आल्या. पुढच्या रांगेतल्या, मग मागच्या. तीच नजर, विहिरीवरची. त्या दिवशी मी तिला शाबासकी समजले होते. पाटावर बसल्या बसल्या मला एकदम ओल्या परकराची आठवण झाली आणि मांडीवरचं हिरवं लुगडं मी गळ्यापर्यंत ओढून घेतलं. अंगावर अख्खी साडी होती तरी. ज्याला केसाला धरून वर आणलं त्याने मला पुन्हा तिथे नेऊन उभं केलं. भगवानराव फेटा सारखा करत दुसरीकडे बघत होते.

पिंकीचे पप्पा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. परमेश्वरकडे दोन पावलं आले आणि थांबले. परमेश्वर त्यांना म्हणाला, "तुमी तर बोलूच नगा, शिवप्रसादराव. तुमी बी काठावरच व्हता." ते परत खांबाकडे गेले. काठावर तर सगळेच होते, त्यात यांना एवढं लागायचं काय होतं? बायकोसाठी एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का?

आत्याबाई आल्या. तोच दंड, तशाच घट्ट धरून मला घरी घेऊन आल्या.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज मंगळवार असून एकही नारळ आला नाही. हापशावर गेले तर बाया बोलता बोलता थांबल्या. देवी होते तेव्हा एकटी होते, आता बाई झाले तरी एकटीच आहे.

आत्याबाई मेथी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "त्या दिशी तुमाला खरंच आई दिसली का?"

"मला कुठली आई दिसती," त्या म्हणाल्या. "मला गड्यांचे डोळे दिसले. तू वर आलीस आन् समदे डोळे फाडून. घरून शाल आनावी तर येळ न्हाई, आन् मी म्हातारी कितीकांचे डोळे झाकनार? गुलाल हाताशी व्हता."

मग त्याच म्हणाल्या, "आईच्या नावानं खोटं बोलले. म्हनून निरंकार धरला. फेडाया नगं?"

आणि मी इथे लिहून ठेवलंय, देवीची सासू म्हणून थाट. मागचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

"मला का न्हाई सांगितलं मग? महिनाभर मी तुमालाच शिव्या घातल्या मनात."

त्यांनी जुडीची काडी मोडली. "सांगितलं असतं तर तू पुन्यांदा पान्यात उतरली असतीस का?"

मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते, लग्न होऊन आले तेव्हासुद्धा. त्यांनी मेथीचं सूप माझ्याकडे सरकवलं, म्हणाल्या, निवड.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कस्तुरा आली. दारातूनच म्हणाली, "ए राजे, कापूस येचायला येतीस का अजून पाटावरच बसायचंय?"

गेले. बाकीच्या दोघी माझ्या तासाला लागल्या नाहीत, एकीने तर पदर तोंडाला लावला. कस्तुरा मात्र दिवसभर बडबडत होती. जेवताना तिने माझ्या भाकरीवर ठेचा टाकला. लय तिखट होता. डोळ्यातून पाणी आलं ते ठेच्याचं म्हणून चालून गेलं.

मी तिला म्हटलं, पिंकीचे पप्पा अजून ओसरीवरच झोपतात, नवरात्र संपून किती दिवस झाले. ती कपाशीच्या बोंडाकडे बघत म्हणाली, "त्यांला त्यांचं बी काय तरी असल की." कस्तुराला सगळ्यांचीच दया येते.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुपारी आत्याबाईंनी छपराला बियाण्यासाठी टांगलेला वाळका भोपळा काढला, पिंकीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, आपल्या हिरीवर जाऊ. तू बी चल गं." आमच्या रानातली विहीर अजून भरलेली आहे. मी म्हटलं, "आत्याबाई, लोक काय म्हनतील?" त्या म्हणाल्या, "म्हनायचं ते दसऱ्याला म्हनून झालंय."

पिंकीचे पप्पा आमच्या आधीच रानात होते. विहिरीकडे येणाऱ्या पाऊलवाटेवर, बांधावर बसलेले. आमच्याकडे पाठ करून. चपला काढून शेजारी ठेवलेल्या. एकदा आत्याबाईंकडे बघून मान हलवली आणि परत पाठ केली. एवढ्या वेळात कुणी गडी वाटेने आला तर त्याला तिथूनच माघारी पाठवत होते, ट्रॅक्टरची काहीतरी कारणं सांगून. माझ्याकडे मात्र वळूनसुद्धा बघितलं नाही. रुसलेत अजून, दुसरं काय.

पायरीवर उतरले आणि साडीच्या निऱ्यांना हात घातला. त्या दिवशी क्षणात सुटलेली साडी, आज गाठ सोडवता येईना. आत्याबाई शेजारी आल्या. त्यांनीच हळूहळू सोडली, घडी केली आणि मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. "मी राखते," म्हणाल्या.

पिंकीच्या पाठीला भोपळा बांधून तिला पाण्यात घेतलं. आधी किंचाळली, गळ्यात पडली. मग पाय मारायला लागली. दमल्यावर तिला वर काढून आत्याबाईंच्या शेजारी बसवलं आणि मीही पायरीला आले. पुष्कळ झालं असं वाटून साडीसाठी हात पुढे केला.

आत्याबाईंनी साडी दिली नाही. म्हणाल्या, "कुनी शिकवलं गं तुला?"

सव्वा महिना मी या एका प्रश्नासाठी गावभर तोंड वेंगाडत फिरले. मग पाण्यात उभं राहूनच सगळं सांगितलं. गोदा, वाळूतल्या वाड्या, आबा, भोपळा, पहिल्यांदा एकटी पलीकडे गेले आणि टरबूज पाण्यावर ढकलत परत आले ते. त्या ऐकत होत्या. पिंकीही ऐकत होती.

सांगून झाल्यावर आत्याबाईंनी घडी मांडीवर नीट केली.

"त्या दिशी मी तुला बगितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "समदा येळ लोकाकडंच बगत व्हते. आता जा बरं मधून, पल्याड जाऊन ये. मला बगू दे."

मी वळले, दम घेतला आणि पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेले.